खिडकी उघडी ठेवायची की बंद?

2020 आठवतंय ना? घरातच राहा, गर्दी करू नका, अंतर ठेवा. आता समजा घर अगदी किनाऱ्याला आहे आणि जे सरकार कालपर्यंत हे सांगत होतं तेच आज म्हणतंय की चक्रीवादळ येतंय, उद्या दुपारच्या आत घर सोडा आणि शेल्टरमध्ये जाऊन बसा, शे-दोनशे माणसांत. मी तेव्हा नुसत्या बातम्या बघूनच गोंधळलो होतो, ज्यांना खरंच निघायचं होतं त्यांचं डोकं कसं चाललं असेल देव जाणे.

अम्फान चक्रीवादळ 20 मे 2020 ला बंगालच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याच्या दोन दिवस आधी तर ते सुपर सायक्लोन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं वादळ होतं. बांगलादेशने जवळपास 24 लाख लोक हलवले, अंतर ठेवता यावं म्हणून नेहमीच्या शेल्टरशिवाय शाळाबिळा पण उघडल्या. आपल्याकडे काही शेल्टर्स आधीच क्वारंटाईनसाठी वापरात होती, म्हणजे जागा आधीच कमी आणि त्यात माणसं विरळ बसवायची. पण मला सगळ्यात जास्त खटकते ती खिडकी. कोविड म्हणतो खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती पाहिजे, आणि वादळ म्हणतं कड्या घट्ट लावा. मग लावल्याच कड्या, दुसरं करणार काय. आत सगळे चिंब भिजून आलेले, ओला मास्क नाकातोंडाला असा चिकटतो की श्वासच घेता येत नाही, तो हनुवटीवर ओढला नाही तर माणूस करणार काय, आणि हात धुवा म्हणायचं तर प्यायच्या पाण्याचीच मारामार.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॅरोल्ड नावाचं चक्रीवादळ आलं, पॅसिफिकमध्ये. सॉलोमन बेटांवर कोविडच्या भीतीने राजधानीतल्या लोकांना आपापल्या गावी जायला सांगितलेलं, तशीच माणसं भरून एक बोट निघाली आणि खवळलेल्या समुद्राने तिच्यावरची 27 माणसं ओढून नेली. तिथे अजून कोविडचा एकही पेशंट नव्हता हो! वानुआतू या तिथल्याच बेटांच्या देशात पण तेव्हा एकही पेशंट नव्हता आणि तो येऊ नये म्हणून सीमा बंद, त्यामुळे बाहेरून मदतीला माणसं येऊ शकत नव्हती. मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही, छोट्या बेटावर साथ शिरली तर पळणार कुठे?

आणि वादळ गेल्यानंतरचं तर कोणी फारसं बोलतच नाही. एरवी घर पडलं की शहरात कामाला गेलेला मुलगा पैसे पाठवतो, त्यातून पत्रे येतात, जाळी येतात. पण त्या वर्षी तो मुलगाच काम सुटून घरी परत आलेला, कसाबसा, आणि आता बापलेक दोघं मिळून त्याच मोडक्या घराकडे बघतायत. लॉकडाऊनमुळे मासेमारी आधीच बसलेली, त्यात होडी फुटली.

अम्फानमध्ये सुंदरबनात बांध फुटून खारं पाणी शेतात आणि तळ्यांत शिरलं. असं पाणी आलं की पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन नीट पिकत नाही, म्हणून परत आलेली कितीतरी पोरं गाड्या सुरू झाल्या तशी पुन्हा शहराकडे गेली, साथ चालू असतानाच. मागे राहिलेल्यांनी मातीचे बांध घातले, आणि 26 मे 2021 ला, दुसरी लाट चालू असताना, यास चक्रीवादळ आलं, वर पौर्णिमेची भरती, आणि पाणी परत आत.