चुना वाळेपर्यंत

आर्किटेक्चर शिकून बाहेर पडले तेव्हा वाटायचं, जुनी घरं राखायची म्हणजे नक्षी आणि खांब राखायचे. गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका चौकी घराने, म्हणजे मधे उघडं अंगण असलेल्या घराने, हा समज पहिल्याच पावसाळ्यात उतरवला. घरच्यांना तिथे गावासाठी वाचनालय हवं होतं, शिवाय मागच्या पडवीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या.

आराखडा पंधरा दिवसांत झाला, सह्यांना दीड वर्ष लागलं. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवर, अजून पणजोबांचंच नाव. त्यात आपल्याकडचा पोर्तुगीजांच्या वेळचा नागरी कायदा: लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे हिस्सेदार सह्या करणार आणि त्यांचे जोडीदारही! एक काका अडून बसले, "घराचं काय ते वाचनालय?" त्यांना पणजीतल्या जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीची आठवण करून दिली, २००४ पासून तिथे इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. हॉस्पिटलात सिनेमावाले नांदतात, तर आपल्या वसरीत, म्हणजे ओसरीवर, पुस्तकं का नाही? काका हसले, सही मात्र चार महिन्यांनी केली. बेळगावच्या आत्याची अट एकच, देवखोली हलवायची नाही. नाही हलवली. पुस्तकं राजांगणाभोवती, म्हणजे मधल्या अंगणाभोवती, मांडली. उजेड तिथेच होता.

खरी गोची भिंतींत होती. चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, कधीतरी कुणी सिमेंटचा गिलावा थापलेला. चिरा सच्छिद्र, जमिनीतली ओल त्यात वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जाते. सिमेंटने वाट अडवली की ओल आतच मुरते, क्षार फुलतात, चिऱ्याचा भुगा होतो. आणि मी त्यावर वॉटरप्रूफ रंग सुचवला होता. हो, मीच. म्हातारे गवंडी भिंतीवर तळवा टेकवून म्हणाले, "बाय, हिचा घाम आत कोंडलाय. वर आणखी रेनकोट कशाला?"

सगळं सिमेंट खरवडलं. चुना भिजत घातला, पातळ थर दिले. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. पाऊस लवकर आला आणि दर्शनी भिंत दसऱ्यापर्यंत तशीच उघडी राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, काम बंद पडलं का?

माझी फी बांधकामाच्या खर्चावर ठरली होती. जितकं कमी पाडाल, तितकी फी कमी. पुढच्या घराचा करार केला तेव्हा ती महिन्यांवर लावून घेतली.