घट, घटना आणि घटका

‘दुर्दैवी घटना घडली’ हे वाक्य वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचले आहे, की त्यातील द्विरुक्ती परवापर्यंत माझ्या कानाला जाणवलीच नव्हती. ‘घटना’ आणि ‘घडणे’ ही दोन्ही रूपे संस्कृतातील ‘घट्’ या एकाच धातूची आहेत, आणि मातीच्या घटाचे नावही परंपरेने त्याच धातूशी जोडलेले आहे. जुळणे हा त्या धातूचा एक अर्थ असल्यामुळे, सुटी माती पाण्याने एकजीव करून आकाराला आणलेल्या वस्तूला ‘घट’ म्हणावे यात नवल नाही. कुंभार मडके घडवतो आणि आपल्या आयुष्यात काहीतरी घडते. फरक इतकाच, की पहिल्या वाक्यात घडवणारा दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही. ‘राज्यघटना’ या शब्दात ‘घटना’ म्हणजे प्रसंग नव्हे, रचना. तिथे ते हात पुन्हा दिसू लागतात.

मला खरा मोह पडतो तो ‘घटिके’चा. घटिका म्हणजे लहानसा घट. पूर्वी वेळ मोजण्यासाठी बुडाला बारीक छिद्र असलेले पात्र पाण्यावर तरंगत ठेवत. आत पाणी चढत जाऊन ते बुडाले, की एक घटिका, म्हणजे आजची 24 मिनिटे, सरली असे मानत, आणि अशा 60 घटिकांची एक दिवसरात्र होई. हे पात्र बहुधा तांब्याचे असे, म्हणजे नाव कुंभाराच्या घरचे राहिले आणि वस्तू तांबटाकडे गेली. पुढे वस्तूही गेली. त्याच कुळातल्या ‘घड्याळा’त आता पाण्याचा थेंबही शिरलेला आपल्याला चालत नाही. तरीही कुणाचा अंत जवळ आला, की त्याची ‘घटका भरली’ असेच आपण म्हणतो. वेळ संपते, ती ‘भरते’ कशी, हा प्रश्न ते बुडणारे पात्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय सुटत नाही.

‘घटस्फोट’ उच्चारताना मात्र घट कुणालाच आठवत नाही. पतित ठरलेल्या माणसाशी संबंध तोडताना, तो जिवंत असतानाच, मेलेल्यासाठी करावा तसा पाण्याने भरलेला घट पायाने कलंडवण्याचा विधी मनुस्मृतीत आहे. बहिष्काराच्या अशा विधीचा हा शब्द पुढे पतिपत्नींच्या विभक्त होण्याला चिकटला. ‘काडीमोड’ आणि ‘फारकत’ हे दोन चांगले शब्द हाताशी असताना, कायद्याच्या कागदावर मराठीने नेमका मडके फुटण्याचाच शब्द ठेवला.