आमची वाटचाल : झोतावर तरंगणारे ड्रोन

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : तुमचा ड्रोन दिवसभर उडतो का? ड्रोन आमचा नसतोच. भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये त्याच्या पोटाखालचं पॅनेल बनतं, जमिनीवरून सोडलेल्या लेसरच्या झोताची वीज करणारं.

सुरुवात मायक्रोवेव्हने केली, कारण ती वाट मळलेली होती. १९६४ साली अमेरिकी अभियंता विल्यम ब्राउन यांनी २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह झोतावर छोटं हेलिकॉप्टर दहा तास हवेत ठेवलं. उंची मात्र जेमतेम १८ मीटर. या लहरीची लांबी १२ सेंटिमीटर. १०० मीटरवरच्या ३० सेंटिमीटरच्या पॅनेलवर झोत आवरायचा, तर खाली सुमारे ४० मीटर रुंद अँटेना लागते. हे गणित आधी मांडायला हवं होतं. आम्ही आधी लहरींची वीज करणारे डायोड मागवले.

मग ८०८ नॅनोमीटरचा लेसर आणि प्रकाशाची वीज करणारे गॅलियम आर्सेनाइडचे सेल. एक किलोचा ड्रोन नुसता तरंगत ठेवायला १५० ते २०० वॅट लागतात. निम्म्या प्रकाशाची वीज होते असं धरलं, तरी झोत ४०० वॅटचा हवा. उरलेले २०० वॅट बशीएवढ्या पत्र्यावर निव्वळ उष्णता, आणि सेल तापला की व्होल्टेज उतरतं. पोटाखाली मध्यभागी वारा फारसा पोचत नाही, म्हणून पत्र्याचे कान चारही पंख्यांखाली काढले.

खरी डोकेदुखी जोडणीची. झोत मध्यभागी प्रखर, कडेला मंद. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडले की, सगळ्यात मंद सेल देईल तेवढाच करंट वाहतो. ओळीने जोडलेली पहिली पॅनेलं म्हणूनच निम्मी वीजही देईनात. आता २४ पाकळ्या असतात. प्रत्येक पाकळी मध्यापासून कडेपर्यंत जाते, म्हणून प्रखर-मंद प्रकाशाचा वाटा सगळ्यांना सारखा. पाकळीतले सेल पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले, पाकळ्या एकमेकींना सिरीज. झोत सरकला तर अंधारातल्या पाकळीला वळसा घालून करंट नेणारा बायपास डायोड आहेच. बॅटरी ठेवायची ती सुखरूप उतरण्यापुरती, दोन-तीन मिनिटांची.

हा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पापणी आपसूक मिटत नाही. पॅनेलच्या कडेचे फोटोडायोड, म्हणजे प्रकाश ओळखणारे सेन्सर, दर १० मिलिसेकंदांनी खाली ‘ठीक’ कळवतात. निरोप चुकला की लेसर बंद. बंद करायची आज्ञा वरून पाठवायची पद्धत आम्ही मुद्दाम टाळली, रेडिओच तुटला तर ती पोचणार कशी?

धुक्यात, पावसात चाचणी नाही. आणि ग्राहकाने स्वतः लावलेला चकचकीत, झोत भलतीकडे परावर्तित करू शकणारा स्टीलचा स्क्रू दिसला, तर तो काढून काळा बसवल्याशिवाय लेसरची चावी आम्ही फिरवत नाही.