धक्क्यावर सोडलेला आंबा

फिलिपिन्समधल्या गिमारास बेटावर होर्दानच्या धक्क्यावर उतरताच, इलोइलो शहराच्या बाजारात घेतलेला एकुलता एक आंबा मला पिशवीतून काढून द्यावा लागला. आंब्याचा गर आणि कोय पोखरणारे भुंगे बेटावर शिरू नयेत म्हणून गिमारासमध्ये बाहेरचा आंबा आणण्यास बंदी आहे.

“आमच्या झाडांसाठी आहे हे,” तपासणी करणारी मुलगी आर्जवाने म्हणाली. तो ‘आमच्या’ अजून मनातून जात नाही.

१९९२ साली स्वतंत्र झालेल्या या फिलिपिनी प्रांताची राजधानी असूनही होर्दान मला भातशेतीचे, आंबाबागांचे गावच वाटले. देवगडला हापूसच्या कोयीत असा भुंगा निघाला, की आम्ही निमूटपणे दुसरे फळ कापत असू. त्याला वेशीवरच अडवायला आमच्याकडे कोणी उभे राहिले असते तर?