कंपनीतून भंगार बाहेर काढताना : माझा अनुभव

भंगारातून शिल्पं करायची तर वेल्डिंग शिकता येतं हो, खरा जीव जातो तो हवं ते भंगार मिळवताना. मी कोपरखैरण्याला राहते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, तेव्हापासून मनात होतं की एक फ्लेमिंगोंची जोडी करायची. मान बाईकच्या जुन्या चेनची, पाय सळईचे, डोळ्याला बेअरिंग. चेन आणि बेअरिंग गॅरेजवाल्यांनी अशीच देऊन टाकली. पंखांना मात्र मला लेझर कटिंग झाल्यावर उरतो ना, तो जाळीदार पत्राच पाहिजे होता, एकावर एक ठेवला की त्यातली भोकं थेट पिसांसारखी दिसतात.

महापे एमआयडीसीत एका कंपनीत ओळखीने गेले. स्टोअरचे साहेब म्हणाले, "घेऊन जा मॅडम, भंगारच आहे." लगेच टेम्पो बोलावला, पत्रे चढवले, आणि गेटवर सिक्युरिटीने थांबवलं, गेटपास कुठाय? परत स्टोअर. तिथे कळलं की नॉन रिटर्नेबल गेटपासवर, म्हणजे परत न येणाऱ्या मालाच्या पासवर, अकाउंट्सची सही लागते. अकाउंट्सवाले म्हणे फुकट देता येत नाही आणि तुम्हाला विकताही येत नाही, स्क्रॅपचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट दिलंय, मोठ्या साहेबांना विचारा. मोठे साहेब कधी मीटिंगला, कधी पुण्याला. पत्रे उतरवले, टेम्पोचं वेटिंग माझ्या खिशातून. नंतर फोन केला की रोज "उद्या बघतो". गेटवर कागद लागतो हे मला मान्य आहे, नाहीतर माल पळवतील लोक. पण कॉन्ट्रॅक्ट दिलंय हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? जो तो पुढच्या टेबलाकडे बोट दाखवणार आणि तो सुंदर पत्रा तिकडे पावसात गंज खात पडलेला, अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

शेवटी मार्ग दाखवला तो गेटवरच्या सिक्युरिटी काकांनीच. म्हणाले, मॅडम, माल उचलतो त्या शेठलाच गाठा ना. शेठ म्हणाला, "ताई, गाडी माझ्या गोडाऊनला खाली होते तेव्हा या, पाहिजे ते निवडा, किलोवर घ्या." काट्यावर वजन, पावती, माल टेम्पोत. इतकं सोपं! म्हणून कुठल्याही कंपनीत पहिला प्रश्न हाच विचारा की तुमचं भंगार कोण उचलतं.

हां, चेन आधी डिझेलमध्ये भिजवून घासून घ्या, ग्रीस राहिलं तर वेल्डिंगचा टाका धरत नाही. एकेक कडी वळवून टाका मारत गेलात की मान हवी तशी वळते आणि तशीच राहते. गॅल्वनाइज्ड पत्रा असेल तर वेल्डच्या जागेवरचं जस्त आधी ग्राइंड करा आणि काम मोकळ्यावर करा, तो पांढरा धूर छातीत गेला तर ताप भरतो.

लहान मुलांची खेळणी मी पत्र्याची करतच नाही. त्यांच्यासाठी टाकाऊतून खेळणी करायला शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या पद्धतीने काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे, नाहीतर बाटलीच्या झाकणांच्या गाड्या. रंग नवा आणा, माळ्यावरचा जुना डबा नको. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या डब्यात किती असेल सांगता येत नाही.

आणि काट्याची पावती टेम्पोवाल्याकडे देऊन ठेवा, माल कुठला म्हणून कुणी अडवलं तर तीच दाखवता येते.