शिक्क्यावाचून अडलेले बटण

२०१६ च्या ऑगस्टमधली गोष्ट. ५ सप्टेंबरला गणेश चतुर्थी असल्याने मालवणच्या एका बस आरक्षण कार्यालयात चाकरमान्यांच्या परतीच्या तिकिटांची झुंबड उडाली होती, आणि नेमक्या त्या सकाळी मालकांचा फोन आला, "अरे, तुझा ता बटान खंय गेला?"

ते बटण म्हणजे मी त्यांच्यासाठी लिहिलेले फायरफॉक्स या ब्राउझरचे छोटेसे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्रॅम. प्रवाशांची यादी ते एका क्लिकसरशी आरक्षणाच्या अर्जात भरत असे. कुडाळहून एसटीने भर पावसात मी पोहोचलो, तेव्हा दोन मुली वहीत बघून एकेक नाव टाइप करत होत्या.

रात्रीत ब्राउझर अपडेट होऊन ४८ वी आवृत्ती आली होती. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची डिजिटल सही, म्हणजे फाइलवरचा मंजुरीचा शिक्का, नसलेली एक्स्टेंशन डिसेंबर २०१५ च्या ४३ व्या आवृत्तीपासूनच बंद होऊ लागली होती. मात्र तेव्हा एक सेटिंग बदलून ही तपासणी टाळता येई आणि मी तेच करून मोकळा झालो होतो. ४८ व्या आवृत्तीने नेहमीच्या फायरफॉक्समधली ती पळवाट बुजवली. आठ महिने हाताशी असताना मी सही घेतली नव्हती, हा दोष माझाच.

बंद पडलेल्यांच्या यादीत माझ्या बटणाखाली एक अनोळखी टूलबार दिसला. कुठल्याशा फुकट पीडीएफ प्रोग्रॅमबरोबर शिरून त्याने होमपेज बदलले होते. त्याच्यावरही सही नव्हती. म्हणजे माझ्या बटणासाठी मी उघडे ठेवलेले दारच त्याच्या कामी आले होते. हे मी मालकांना सांगितले, पण जरा हळू आवाजात.

सहीची तपासणी बंद करता येणारी, प्रोग्रॅमरांसाठीची फायरफॉक्सची डेव्हलपर एडिशन टाकून वेळ मारून नेता आली असती. त्याऐवजी मी फाइल सहीसाठी मोझिलाकडे पाठवली. एक्स्टेंशन त्यांच्या जाहीर यादीत न टाकताही सही मिळते, पैसेही पडत नाहीत. आपल्याच संगणकावर आपलेच बटण चालवायला दूरच्या कचेरीचा शिक्का लागावा, हे मला आजही खटकते. तपासणी यंत्राने माझ्या कोडमधल्या असुरक्षित ओळींबद्दल इशारे दिले, ते मात्र रास्त होते.

सही होऊन आली, बटण चालू झाले, आणि मालकांनी थांब्यांच्या यादीत बोट ठेवले: 'आचरा'चे 'अचरा' झाले होते. मी सवयीने फाइल उघडून काना दिला. सही फाइलमधल्या अक्षरन् अक्षराशी बांधलेली असते, त्यामुळे बटण पुन्हा बंद. आवृत्तीचा आकडा वाढवून मी दुसऱ्यांदा सहीला पाठवत होतो, तेव्हा मालक चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले, "म्हणजे गावाचा नाव सुधारूक पण तेंची परवानगी होयी?"