माळ, शपथ आणि तिसरी रात्र

थोरल्या मामांनी दारू सोडण्याची शपथ माझ्या आठवणीत तीन वेळा घेतली: एकदा ग्रामदैवताच्या पायरीवर, एकदा आजीच्या डोक्यावर हात ठेवून आणि शेवटची पंढरपुरात, गळ्यात तुळशीची माळ घालून. पहिल्या दोन आठवडाभरही टिकल्या नाहीत. तिसरी मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून तंतोतंत पाळली. वीस वर्षे कारखान्याची पाळी सुटल्यावर रोज पिणारे आणि शेवटी शेवटी तर हाताची थरथर थांबावी म्हणून सकाळी चहाच्या आधीच चपटी तोंडाला लावणारे मामा पंढरपूरहून परतल्यावर एका थेंबालाही शिवले नाहीत, आणि तिसऱ्या रात्री त्यांना गोधडीवर मुंग्या चालताना दिसू लागल्या.

ते चिमटीने काहीतरी वेचून जमिनीवर टाकत होते, बनियन घामाने चिंब झाला होता आणि दहा वर्षांपूर्वी वारलेल्या मुकादमांशी त्यांचा वाद चालला होता. देव कोपला असे समजून आजीने अंगारा लावला. पहाटे ते मामींनाही ओळखेनात, तेव्हा शेजाऱ्याच्या जीपमधून त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच: "शेवटचा घोट कधी घेतला?" उत्तर ऐकताच त्यांनी सलाइनच्या आधी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देण्यास सांगितले, कारण वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात ते जवळजवळ उरलेले नसते आणि त्याच्याशिवाय नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

चार दिवसांनी मामा भानावर आल्यावर डॉक्टरांनी त्यांना, ते फिटर असल्यामुळे, यंत्राच्या भाषेत समजावले. दारू हा मेंदूवर दाबून धरलेला ब्रेक आहे. तो रोज दाबलेला राहिला की काम चालू ठेवण्यासाठी मेंदू आपला वेग आतून वाढवून घेतो, आणि मग एका दिवशी ब्रेक अचानक सोडला की वाढवलेला वेग तसाच राहतो आणि थरथर, घाम, आकडी, भास हे सारे त्यातून उद्भवते. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने दारू वैद्यकीय देखरेखीशिवाय एकदम तोडायची नसते. शामक औषध देऊन ते दिवसागणिक कमी करत आणावे लागते. मामांनी शपथ मोडली म्हणून ते आजारी पडले नव्हते, शपथ पाळल्यामुळे त्यांचा जीव धोक्यात आला होता, हे आजीला पटवायला आम्हाला बरेच दिवस लागले.

तिथेच मामींनी एक कबुलीही दिली. वर्षभरापूर्वी "न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात पाहून मागवलेली पावडर त्या मामांच्या आमटीत घालत होत्या. डॉक्टर चिडले, आणि ते योग्यच होते. अशा पुड्यांत काय असते ते कळायला मार्ग नसतो, आणि दारू अंगाला सोसू न देणारे डायसल्फिरामसारखे औषध असले तर त्यावर दारू पडताच छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी माणूस दगावतो. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधेही आज उपलब्ध आहेत. कोणते कोणाला चालेल, हे यकृत आणि मूत्रपिंडे तपासून डॉक्टर ठरवतात.

'हा मेंदूचा आजार आहे' हे वाक्य मामींना मात्र बरेच दिवस रुचले नाही. "आजार म्हटलं की सगळं माफ. पतपेढीचं कर्ज फेडायला कोणता डॉक्टर येणार आहे?" असे त्या म्हणत, आणि मला त्यांचे म्हणणे आजही खोटे वाटत नाही. मधुमेह झालेल्या माणसालाही पथ्य स्वतःच पाळावे लागते. फरक एवढाच, की मधुमेह्याची साखर वाढली तर त्याला आपण डॉक्टरकडे नेतो, देवळात उभे करून शपथ घालत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. तरीही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळत होते.

आठ महिन्यांनी, चुलतभावाच्या हळदीच्या रात्री, मामा घसरले. मंडपामागे खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी फुटली, त्या वासाने आपल्या तोंडाला पाणी सुटले, असे त्यांनी नंतर सांगितले. मेंदूतील डोपामाइन या रसायनाची यंत्रणा दारूबरोबर तिच्या आगेमागे येणाऱ्या गोष्टीही पक्क्या लक्षात ठेवते. वास, वेळ, जागा, ठरावीक दोस्त यांपैकी एखादी खूणही ओढ उफाळून यायला पुरते, आणि थांबायला सांगणारा मेंदूचा पुढचा भाग अजून पुरता सावरलेला नसतो. पिण्याआधी त्यांनी गळ्यातली माळ काढून, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली होती. माळ उतरली म्हणजे सारे संपले, अशा शरमेने ते पुढचे तीन महिने डॉक्टरांकडे फिरकले नाहीत. माळ घालून सुटलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे तिला मी नावे ठेवणार नाही. पण माळ उतरल्यावर पुढे काय करायचे, हे मामांना कोणीच सांगितलेले नव्हते.

ते सांगणारी व्यवस्था आपल्याकडे आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाइतकेच काम त्याच्या घरच्यांसोबतही चालते. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून फार तर चार बैठका घेतल्या आणि तेवढ्यानेही पुष्कळ पुरुषांचे पिणे आटोक्यात आले, असे २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाच्या सभांना पैसे पडत नाहीत. कुठे जावे हेच सुचत नसेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी मोफत फोन क्रमांक आहे.

मामा आता महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे आणि दर आठवड्याला सभेला जातात. गोळी मामी देतात, चहाबरोबर, त्यांच्या देखत. माळ देव्हाऱ्यात आहे. यंदा मावसबहिणीच्या हळदीला मामा आले, दुपारी जेवले आणि सहाच्या एसटीने परत निघाले. कोणी आग्रह केला नाही, कारण मामींनी त्यांचा डबा आधीच भरून ठेवला होता.